भेगेत अडकलेला सेन्सर



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. त्या संधींबद्दल आपली मुलं आपल्याला जास्त सांगतील. मी आज मातीबद्दल बोलणार आहे, आणि त्यात मला एक कबुलीही द्यायची आहे. ज्याला ती द्यायची तो मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेतलं तर उठून जाईल, म्हणून घेत नाही.

आठवीत भूगोलाच्या बाईंनी आपल्याला घरून माती आणायला सांगितली होती, आठवतंय? काचेच्या बाटलीत माती, वर पाणी, खळाखळा हलवायचं आणि ठेवून द्यायचं. माळावरच्या मुलांच्या बाटल्या तास संपायच्या आत निवळल्या. आमच्या काळ्या रानातल्या मातीचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. मला वाटलं माझा प्रयोग चुकला. बाई म्हणाल्या, कण इतके बारीक आहेत की त्यांना खाली बसायची घाई नाही. त्या वेळी हे नुसतं वहीत उतरवून घेतलं. त्याचा अर्थ कळायला मला पंचवीस वर्षं लागली आणि एकरभर ज्वारी आडवी व्हावी लागली.

बाबा गेल्यावर सात एकर रान भावाच्या आणि माझ्या नावावर आलं. भाऊ म्हणाला, विकून टाकू, नाहीतर बोअर घेऊन ऊस लावू. मी म्हटलं, मंगळवेढ्याची ज्वारी कशी मोडायची? 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, दामाजीपंतांच्या कोठारांची गोष्ट ऐकत आपण वाढलो, वगैरे. पुण्यात बसून अभिमान बाळगायला काही खर्च येत नाही. रान आपल्या या वर्गमित्रानं निम्म्या वाट्यानं करायला घेतलं. ठराव असा की धान्य निम्मं-निम्मं आणि कडबा सगळा त्याचा, कारण जनावरं त्याच्याकडे.

पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी मला हुशारी सुचली.

आपल्याकडे रब्बी ज्वारी कशी येते ते इथे अर्ध्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जे मुंबईला गेले त्यांच्यासाठी सांगते. आपला मोठा पाऊस सप्टेंबरचा. तो जमिनीत मुरवायचा, वाफसा आला की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून घ्यायचं, आणि मग साधारण चार महिने पीक त्या साठलेल्या ओलीवर काढायचं. वरून पाणी जवळजवळ नाही. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरून ठेवते. म्हणजे प्रत्येक काळ्या रानाखाली एक न दिसणारं तळं आहे. प्रश्न एवढाच की त्यात आज किती शिल्लक आहे?

मला वाटलं, हे तर मोजता येईल. बाजारात ओल मोजणारे सेन्सर मिळतात. ते मातीची वीज साठवायची क्षमता मोजतात. पाण्याचा त्यातला आकडा 80 च्या आसपास, हवेचा 1, कोरड्या मातीचा चार-पाच. त्यामुळे थोडी ओल बदलली तरी आकडा हलतो. मी दिवाळीच्या सुट्टीत पहारीनं भोकं पाडून वीतभर ते हातभर खोलीवर चार सेन्सर बसवले, सौर पॅनेलचा डबा खांबावर लावला आणि मोबाइलवर आलेख पाहू लागले. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. खोटं कशाला बोलू, फार छान वाटत होतं.

डिसेंबरात चार दिवसांत आलेख 38 वरून 6 वर आला. पीक पोटरीत होतं. मी घाबरून फोन केला आणि शेजारच्या विहिरीवरून विकत पाणी घेऊन द्यायला सांगितलं. तो म्हणाला, “खाली ओल हाय अजून. कोळपं फिरवतो, भेगा बुजत्याल. पाण्याची घाई करू नको.” मी म्हटलं, आकडा बघ. तो म्हणाला, आकडा तू बघ, मी रान बघतोय. मी आवाज चढवला. पैसे मी देतेय, असंही बोलले. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, “बरं मॅडम. रान तुमचं हाय.”

बालवाडीपासून एका शाळेत. मॅडम तो मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला.

पाणी सोडलं ते पुढे सरकेचना. भेगांतून खाली जात राहिलं. दोन तासांचा हिशेब होता, सात तास लागले आणि पैसे संपले तेव्हा एकच एकर भिजलं होतं. जमीन फुगून लोण्यासारखी मऊ झाली. पुढच्याच आठवड्यात वारं सुटलं आणि पुरुषभर उंचीची मालदांडी त्या एकरात आडवी झाली. कणसं उंदरांनी नेली, कडबा काळा पडला. बाकीचं सहा एकर, जिथे पाणी पोचलंच नाही, ते उभं होतं. दाणेही भरले.

आता ठराव आठवा. कडबा सगळा त्याचा. म्हणजे माझ्या आकड्याचं नुकसान मुख्यतः त्याच्या गोठ्यात गेलं. माझ्या घरी ज्वारी कौतुकानं डब्यात भरली जाते. त्याच्याकडे दोन बैल आणि तीन म्हशी उन्हाळाभर खातात. फेब्रुवारीत त्यानं कडबा विकत आणला आणि मला सांगितलंही नाही. मला ते त्याच्या बायकोकडून कळलं.

जानेवारीत मी गेले तेव्हा कोरड्या राहिलेल्या भागातल्या सेन्सरपाशी त्यानं टिकाव घेतला आणि काही न बोलता खणलं. पेराएवढी रुंद भेग नेमकी सेन्सरला लागून खाली गेली होती. माझ्या पहारीचं भोक भेगेला आयतंच सापडलं होतं. सेन्सर मातीत नव्हताच, हवेत लटकत होता, आणि इमानदारीनं हवेचा आकडा सांगत होता. भेगेपासून वीतभर बाजूची माती त्यानं हातात घेऊन दाबली. लाडू वळला. माझ्या हातावर ठेवला. गार होता.

ही माती ओलीनं फुगते आणि वाळताना आकसते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी आपल्या थरांच्या मध्ये घेते. बाईंच्या बाटलीत खाली बसायला तयार नसलेले तेच हे कण. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी चूक शोधायला शिकले, पण यंत्र आणि जमीन यांच्या मधल्या फटीत चूक असेल हे मला सुचलं नाही. त्याला सुचलं, कारण तो दर वर्षी ती फट बुजवतो. कोळपणीचा खरा अर्थ मला तिथे कळला. आपल्याला वाटतं ती तणासाठी असते. तणासाठी आहेच, पण वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या, म्हणजे तळ्याला झाकण घालायचं, हे तिचं मोठं काम. कृषी विद्यापीठाची शिफारसही तशीच आहे: तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. तिसरी कोळपणी करायला त्या वर्षी उशीर झाला होता. का? कारण मी पाण्याचं घोडं पुढे दामटलं होतं.

हे ज्ञान काही फक्त परंपरेत नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर मी ‘जुनं ते सोनं’ म्हणतेय असं वाटेल. 1930 च्या दशकात कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठी देशात जी मोजकी केंद्रं निघाली त्यांत आपलं सोलापूर होतं; विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक ही बाकीची. मालदांडी 35-1 ही याच दशकात आपल्या शेजारी मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडून काढली. म्हणजे कुणीतरी ताटं मोजली, दाणे तोलले, वह्या भरल्या. मोजण्यात चूक नाही. मी नको ते मोजत होते आणि ज्याच्या पायाखाली ते रान आहे त्याला विचारत नव्हते.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी दुसरंच मोजलं. सात एकरात पंधरा-पंधरा पावलांवर खणून मुरूम किती खाली लागतो ते लिहून काढलं. चार दिवस गेले, माझ्या हाताला फोड आले. पश्चिमेकडे तीन फुटांपर्यंत काळीच माती. पूर्वेला बांधाकडे फुटावर मुरूम. तळं एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला परात. बाबा दोन्हीकडे मालदांडीच पेरायचे आणि पूर्वेचं रान ‘हलकं’ म्हणून सोडून द्यायचे. आता उथळ भागात लवकर येणारी फुले अनुराधा, खोल भागात मालदांडी. पावसाळ्याआधी सारे ओढून वाफे पाडतो, म्हणजे सप्टेंबरचं पाणी जिथल्या तिथे मुरतं. नकाशा मी केला. वाण कुठला कुठे, ते त्यानं ठरवलं.

सगळं गोड झालं असं नाही. ज्वारी हातानं उपटून काढायला माणसं मिळत नाहीत, मजुरी देऊन उरतं ते भावाला दाखवण्यासारखं नाही. तो अजून ऊसच म्हणतो. कालव्याखाली उसानं चोपण झालेली रानं मी त्याला दाखवली, तरी म्हणतो. कदाचित पाच वर्षांनी मी हरेनही.

आणि कबुली. त्या वर्षीच्या कडब्याचे पैसे मी दोनदा देऊ केले, दोनदा त्यानं घेतले नाहीत. माफी मात्र मी कधीच नीट मागितली नव्हती. फोनवर जमत नाही, बांधावर विषय बदलतो. म्हणून इथे, बाईंच्या आणि तुम्हा सगळ्यांच्या समोर मागते. चुकलं माझं. आणि मला मॅडम म्हणू नकोस.

जानेवारीत हुरड्याला सगळ्यांनी या. डबा अजून खांबावर आहे, आत काही नाही. त्यानं त्याला चमकी बांधली आहे. पाखरं बिचकतात म्हणतो. मला तसं काही दिसलं नाही, पण या वेळी मी वाद घातलेला नाही.