खिल्लार : कळपाच्या नावावरून जातीकडे

सोलापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या कोरड्या माणदेशी पट्ट्यात, तसेच सीमेपलीकडच्या विजापूर भागात आढळणाऱ्या पांढऱ्या, लांब शिंगांच्या गोवंशाला आज ‘खिल्लार’ म्हटले जाते. परंतु जुन्या मराठीत ‘खिलार’ किंवा ‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘खिलारी’ म्हणजे तो कळप राखणारा पशुपालक, असाच या शब्दांचा अर्थ होता. कळपाचे सामान्य नाम पुढे विशिष्ट जातीला चिकटले, हे भाषेच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. या जातीचे मूळ म्हैसूरच्या हळ्ळीकर गोवंशात असल्याचे पशुशास्त्रज्ञ मानतात.

इंग्रजीतील ‘कॅटल’ या शब्दाचा प्रवासही असाच सामान्याकडून विशिष्टाकडे झाला आहे. लॅटिनमधील ‘कापिताले’, म्हणजे मुद्दल किंवा मालमत्ता, हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, प्रथम सर्व जंगम संपत्तीसाठी वापरला गेला आणि कालांतराने गुरांपुरता आकसला. ‘कॅपिटल’ हा त्याचाच भाऊबंद. सोलापुरात शेजारी नांदणाऱ्या कन्नडमध्येही गुरांना ‘दन’ म्हणतात, आणि हा संस्कृत ‘धन’ शब्दाचाच तद्भव होय. मराठीतील ‘गोधन’ तर उघडच आहे.

कार्तिकी वारीच्या सुमारास पंढरपूरजवळच्या वाखरीत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात या धनाची पारख दातांवरून होते: दुधाचे दात असलेला तो ‘आदत’, दोन कायमचे दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’.