लॉटरी सोडू का? एका पिको-फॉल मशीनचा हिशोब

आजच्या भागाला पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. विषयही घरचाच आहे, त्यामुळे बोलताना मध्ये दोनदा रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. लेखी वाचताना ते दिसणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर मी गेली सहा वर्षं लॉटरीची तिकिटं घेतोय. मटका नाही, मोबाइलवरचा जुगार नाही, रीतसर छापील सरकारी तिकीट. हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या लोकांना ऐकवलंय, की त्यावरूनच मला कुठेतरी टोचत होतं हे कळावं. आणि ते अगदी खोटंही नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली, ती लोकांनी मटक्यासारख्या बेकायदा धंद्यांकडे जाऊ नये आणि सरकारलाही महसूल मिळावा, म्हणून. केरळनं त्याच्या दोन वर्षं आधी सुरू केली होती.

आमच्या घरात ही सवय अण्णांची. अण्णा सोलापुरात गिरणीत होते. पगाराच्या दिवशी येताना एक तिकीट आणायचे आणि सिद्धरामेश्वरांच्या फोटोमागे खोचून ठेवायचे. निकाल पेपरात यायचा. बारीक आकड्यांचे रकाने, त्यावर अण्णांचं बोट, आणि आम्ही पोरं श्वास रोखून. लागलं कधीच नाही. गिरणी बंद पडली तेव्हा फोटोमागे एक तिकीट होतंच. आईनं ते बरेच दिवस काढलं नाही.

आता माझं. नवी पेठेत एका कापड दुकानात मी हिशोब लिहितो. हा धंदा लक्षात ठेवा, कारण दुसऱ्याचा पैन् पैचा हिशोब ठेवणाऱ्या माणसानं स्वतःचा कधी मांडला नव्हता. दर शुक्रवारी पन्नासाची पाच तिकिटं. अडीचशे रुपये. अडीचशेत काय होतंय आजकाल, असं म्हणायचं आणि पुढे चालायचं.

श्रावणात बायको म्हणाली, ओळखीच्या बाईंचं पिको-फॉलचं मशीन विकायचंय, तेरा हजारांना. ती घरी ब्लाउज शिवते. पिको-फॉलला साड्या बाहेर द्याव्या लागतात, त्यात तिची निम्मी मजुरी जाते. मी म्हटलं, आत्ता तेरा हजार कुठून आणायचे? ती बरं म्हणाली आणि विषय संपला.

रात्री झोप येईना. उठलो आणि डायरीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. अडीचशे गुणिले बावन्न. तेरा हजार. बरोब्बर तेरा हजार, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. वर्षभरात बक्षिसाचे आले होते एकोणीसशे, तेही लहानसहान, आणि त्यांची परत तिकिटंच घेतलेली.

सकाळी तिला ते पान दाखवलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती एवढंच म्हणाली, "तिकीट घेऊ नका असं मी कधी म्हटलं का? मशीनचं काय ते सांगा."

मग मी जरा मुळात गेलो. शंभराच्या तिकिटात काय काय असतं ते बघा. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर चाळीस टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणजे शंभरातले साधारण साडेअठ्ठावीस रुपये सोडतीच्या आधीच गेले. उरलेल्यात विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सरकारचा वाटा. त्यानंतर जे राहील त्यातून बक्षिसं. बरं, लागलं तरी दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के कर जागेवरच कापतात. सेस धरून एकतीस पूर्णांक दोन दशांश टक्के. लाख लागले तर एकतीस हजार दोनशे गेले. तुमचं उत्पन्न कितीही कमी असो, त्यात सूट नाही. आणि सहा वर्षं तिकिटांवर घातलेला खर्च? तो त्यातून वजा करता येत नाही.

आता नशिबाचा भाग. समजा पाच लाख तिकिटं छापली आणि पहिलं बक्षीस एक. आठवड्याला पाच घेणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढी तिकिटं घ्यायला एकोणीसशे वर्षं लागतील. सातवाहनांच्या काळापासून न चुकता शुक्रवारी टपरीवर गेलो असतो, तर आत्ता कुठे पुरी होत आली असती.

हे सगळं मला आधी ठाऊक नव्हतं का? अंदाज होताच. मग सुटत का नव्हतं? एक कारण म्हणजे थोडक्यात हुकणं. दोन वर्षांपूर्वी माझा शेवटचा आकडा एकनं चुकला होता. मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो, अहो, एकानं गेलं! पण सोडतीला सत्तावीस आणि अठ्ठावीस शेजारी आहेत हे कुठे माहीत असतं? माझं तिकीट जितकं हुकलं, तितकंच भलत्याच आकड्याचं तिकीटही हुकलं होतं.

दुसरं कारण सांगताना जरा लाज वाटते. शुक्रवारपासून निकालापर्यंत मी मनातल्या मनात घर बांधायचो. वरचा मजला, बायकोला शिवणाची वेगळी खोली, रस्त्याकडे खिडकी. हो, तिचीच खोली! त्या खोलीत ठेवायचं मशीन मला परवडत नव्हतं, पण खोली दर आठवड्याला बांधून व्हायची. ते तीन दिवस बरे जायचे, हे मी नाकारणार नाही. "लॉटरी म्हणजे मूर्खपणा" असं एका वाक्यात उडवून लावणाऱ्यांनी महिनाअखेरीला रिकाम्या खिशाचे असे तीन दिवस काढून बघावेत.

तर मग बचत. मी लगेच पोस्टात गेलो. पाच वर्षांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. व्याज ६.७ टक्के. महिना हजार भरले तर साठ हजारांचे पाच वर्षांनी एकाहत्तर हजार तीनशेच्या आसपास होतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. खातं तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि माझ्यासारख्याला तेच बरं. फॉर्म घेऊन घरी आलो, मोठी कामगिरी केल्यासारखा.

बायकोनं फॉर्म वाचला. म्हणाली, "म्हणजे मशीन तीन वर्षांनी?"

मी म्हटलं, बारा हप्त्यांनंतर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं. ती म्हणाली, म्हणजे सहा हजार, आणि त्यावर परत व्याज. हिशोबाची नोकरी माझी, बरं का.

मग तिनंच तोड काढली. त्यांच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. तेरा जणी, महिन्याला हजार, नऊ वर्षं चाललेली. डब्यात चिठ्ठ्या टाकतात आणि एखादं लहान पोर चिठ्ठी उचलतं. नाव आलं की तेरा हजार. व्याज नाही, लिखापढी नाही, भिशी बुडाल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात, तेव्हा अनोळखी भिशीत जा असं मी कोणालाच सांगणार नाही. पण इथे तेराही जणी एकमेकींच्या दारात राहतात. ब्रिटनमध्ये १९५६ पासून प्रीमियम बाँड म्हणून सरकारी योजना आहे. मुद्दल शाबूत राहतं आणि व्याजाऐवजी सोडतीतून बक्षिसं निघतात. वाचलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपल्या भिशीची लांबची बहीण.

तर आमचं असं ठरलं. आधी भिशी, मशीन आलं की भिशीचे हप्ते फिटेपर्यंत तेच, आणि मग आरडी. आरडीचा फॉर्म कपाटात आहे.

अकरा शुक्रवार झाले, मी तिकीट घेतलेलं नाही. घरी लांबच्या रस्त्यानं जातो. एकदा टपरीवाल्यानं गाठलंच, "मालक, तुमचा सत्तावीसवाला बाजूला काढून ठेवलाय." पाय थबकले. त्याला म्हटलं, विकून टाका. निकाल मात्र बघत नाही. सत्तावीस लागला असेल तर मला कळायलाच नको.

दिवाळी बंपरचं अजून ठरलेलं नाही, खरं तेच सांगतो. ती म्हणते, एक घ्या, पण तुमच्या चहाच्या पैशातून. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही.

भिशीच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्हींत तिचं नाव नव्हतं. तिसरी येत्या पाच तारखेला. सकाळपासून मी तिला दोनदा विचारलं, की यंदा चिठ्ठी कोणाचं पोर उचलणार आहे. भेटूया पुढच्या रविवारी.