नेम बरोबर, गोळी चुकली?

आपल्या मालवणात ठासणीच्या बंदुकीत दारू हाताने मोजून भरतात. पण फोंडा घाटापलीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, त्या खेळातलं पॉइंट टू-टू काडतूस घरी भरता येत नाही. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच असतो.

मग अचूकता आणायची कशी? टेस्टिंग! बॅरल वाइसमध्ये आवळायचं, प्रत्येक लॉटच्या गोळ्या झाडायच्या, भोकांचा घेर मोजायचा. कंपनी तीच, तरी लॉट बदलला की घेर बदलतो. दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर. घेर पसरला तर नेम बरोबर असूनही गुण जातो. म्हणून जुळलेला लॉट मिळाला की खेळाडू त्याचा साठाच करतात.

टेस्ट न करता कोड लाइव्ह करणाऱ्यांनो, ऐकताय ना?