बालकाचें बोट धरून

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



ज्यांनीं कष्ट करून व घांस वांचवून हें मंदिर उभारिलें त्यांच्याविषयीं या महोत्सवांत पुष्कळ बोललें जाईल, आणि तें योग्यच आहे. परंतु मला नेमून दिलेला विषय मंदिराचा नसून लेंकरांचा आहे. लहान मुलास बरोबर घेऊन घराबाहेर पडणें, इतकाच तो साधा विषय. मी शिक्षक नाहीं, पंडित तर नाहींच नाहीं. दोन मुलांचा बाप आहें. बापाच्या हातून ज्या चुका होतात त्यांतील एक मोठी चूक माझ्याहि हातून घडली. ती आपणांपुढें मांडावी, व तिच्यापासून जें शिकलों तें सांगावें, एवढाच माझा हेतु आहे.

प्रभु येशूच्या बालपणाविषयीं शुभवर्तमानांत फार थोडें लिहिलें आहे. त्याच्या जन्माचा व शैशवाचा वृत्तांत सोडला, तर संत लूकानें त्या काळांतील एकच प्रसंग सांगितला आहे, आणि तो घरांतील नसून प्रवासांतील आहे. दरवर्षीं वल्हांडण सणास मरिया व योसेफ यरुशलेमेस जात. नाझरेथहून ती वाट पायीं कित्येक दिवसांची. येशू बारा वर्षांचा असतां परत येतांना तो मागेंच राहिला. सोबत्यांत असेल असें समजून आईबापांनीं एक दिवसाची मजल मारली. नंतर नातलगांत शोधलें, ओळखीच्या लोकांत शोधलें, आणि अखेर आल्या वाटेनें ते माघारीं फिरले. तीन दिवसांनीं तो मंदिरांत शास्त्र्यांच्या मध्यें बसलेला सांपडला. या कथेंतून पूर्वीं मी एकच बोध घेत असें, कीं बालक येशू किती ज्ञानी होता. आतां तिच्यांतील दुसरी गोष्टहि मला दिसते. मरिया व योसेफ यांच्याइतके दक्ष आईबाप दुसरे कोण असणार? परंतु त्यांचेंहि मूल गर्दींत दृष्टीआड झालें. आणि तें आपोआप येईल म्हणून ते बसून राहिले नाहींत. उलट फिरून चालूं लागले.

पवित्र कुटुंबाचा सण सार्वत्रिक ख्रिस्तसभेंत १९२१ सालीं लागू झाला. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्ती कुटुंबास घरांतील ख्रिस्तसभा असें संबोधिलें. हें नांव फार मोठें आहे. तें ऐकून आमच्यासारख्यांस वाटतें, कीं एवढी योग्यता आपल्या घरास कोठून येणार? घरीं सकाळीं दुधावरून भांडण, दुपारीं झोपेवरून, व सायंकाळीं जपमाळेच्या वेळीं कोणी पेंगतें तर कोणी दुसऱ्यास चिमटा काढतें! परंतु माझा अनुभव असा आहे, कीं ही ख्रिस्तसभा घराच्या चार भिंतींत जितकी घडते, तितकीच ती उंबऱ्याबाहेरच्या वाटेवरहि घडते.

ती वाट लांबची असावयास पाहिजे असें नाहीं. आमच्या घरापासून मंदिर मला एकट्याला दहा मिनिटांचें; मूल बरोबर असलें म्हणजे तेंच अर्ध्या तासाचें होतें. वाडीच्या बांधावर मुंग्यांची रांग दिसली कीं तें थांबणार. पावसाळ्यांत कुंपणावर गोगलगाय दिसली कीं थांबणार. केळफुलाचें जांभळें पान गळून पडलें कीं तें उचलून त्याची होडी करणार. आमच्या वाडवडिलांच्या वेळीं विहिरीवर बैलांचे रहाट फिरत. त्यांच्या जागीं विजेचे पंप आले, तरी पाटांतून पाणी आळ्यांत शिरतांना पाहण्याचा मुलांचा आनंद कमी झालेला नाहीं. आपल्याला मंदिर गांठावयाचें असतें. मुलाला मात्र वाट हीच सर्व कांहीं असते. पूर्वीं मी अशा वेळीं त्याचा दंड धरून ओढीत असें. आतां मी घरूनच अर्धा तास आधीं निघतों. एवढ्या एका सुधारणेनें आमच्या रविवारांतील निम्मी रडारड थांबली.

आगाशीकडे राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवितात व त्यांचीं सुकेळीं करितात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. एकदां मीं मुलांस तें काम पाहावयास नेलें. केळें एका दिवसांत वाळत नाहीं. तें रोज उन्हांत मांडावें लागतें, रोज उचलावें लागतें, व कित्येक दिवसांनीं त्याला तो मधासारखा रंग चढतो. धाकट्यानें विचारलें, "आज कां नाहीं होत?" या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं, परंतु चार दिवसांनीं पुन्हां तेथें गेलों तेव्हां तें त्यानें स्वतःच पाहिलें. धीर म्हणजे काय, हें शब्दांनीं शिकविण्यापेक्षां असें शिकविणें सोपें आहे.

वसईच्या किल्ल्यांतहि आम्ही वरचेवर जातों. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकली. परंतु हे सन चार वर्षांच्या मुलास काय कामाचे? त्याला पडक्या मंदिरांची उंच कमान दिसते, तिच्यांतून उडणारे पोपट दिसतात. तेथें मीं त्याला एवढेंच सांगितलें, कीं फार वर्षांपूर्वीं या वसईंत गोन्सालो नांवाचा एक मुलगा जन्मला. तो मोठा झाल्यावर दूर जपानांत गेला, आणि प्रभूवरील प्रेमास्तव १५९७ सालीं नागासाकी येथें त्यानें प्राण दिले. त्यालाच १८६२ सालीं संतपद मिळालें. त्यावर मुलानें विचारलें, "तो लहान असतांना त्याला इथें कोण आणीत असे?" बंधुभगिनींनो, संत गोन्सालो गार्सियाचें चरित्र मीं अनेकदां ऐकलें होतें, परंतु हा प्रश्न मला कधीं सुचला नव्हता. तोहि कोणाचें तरी बोट धरूनच चालावयास शिकला असला पाहिजे.

आतां मी माझ्या चुकीकडे वळतों.

माझे वडील मला लहानपणीं वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेस नेत. ८ सप्टेंबर हा पवित्र मातेच्या जन्माचा सण. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर त्या टेकडीवर जत्रा भरते. सध्यांचें मंदिर १९०४ सालचें आहे. ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान, पारशी असे सर्व धर्मांचे लोक तेथें येतात. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचीं घरें, मेणाचीं बाळें तेथें विकावयास मांडलेलीं असतात. ज्याचें जें दुखतें किंवा ज्यास जें हवें, त्याची आकृति घेऊन तो मातेच्या चरणीं वाहतो. मीं ती जत्रा वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली. मला ती दिव्यांची व आकाशाची वाटे. खांद्यावरच्या मुलाची जत्रा निराळी, आणि जमिनीवरून चालणाऱ्या मुलाची निराळी, हें मला तेव्हां कळलें नाहीं. जमिनीवरच्या मुलास केवळ गुडघे आणि पिशव्या दिसतात.

आमचा धाकटा चार वर्षांचा असतां आम्हीं त्यास तेथें प्रथम नेलें. आगगाडीच्या गर्दीनें तो आधींच दमला होता. मला उचलून घ्या, म्हणून विनवीत होता. "आतां तूं मोठा झालास," असें म्हणून मीं त्यास चालविलें. मेणबत्त्यांच्या एका मांडणीपुढें आलों, आणि तेथें मीं त्याचें बोट सोडलें. कां सोडलें? छायाचित्र काढावयास! माझे दोन्ही हात भ्रमणध्वनीस लागले. छायाचित्र काढून खालीं पाहतों, तों मूल नाहीं.

पुढील पाऊण तासाचें वर्णन मी करीत नाहीं. पत्नी त्याच जागीं उभी राहिली. मी पायऱ्यांवरून वरखालीं धांवलों. ध्वनिक्षेपकावरून मुलाचें नांव पुकारण्यांत आलें. एका पोलीस शिपायानें मला सांगितलें, "पिवळ्या सदऱ्याचा मुलगा मीं पाहिला, त्याला हांकहि मारली, पण मला पाहतांच तो पळाला." अखेर मेणबत्त्या विकणारी एक वृद्ध बाई नवी पेटी काढण्यास खालीं वांकली, तेव्हां मेजावरून लोंबणाऱ्या कापडाच्या आड तो तिला बसलेला दिसला. तो रडत नव्हता. अंग चोरून, तोंडावर हात घट्ट धरून बसला होता. त्याचें नांव पुकारलेलें त्याला ऐकूं आलें होतें. परंतु त्यानें ओ दिली नाहीं.

परतीच्या गाडींत माझी पत्नी मजशीं एक शब्दहि बोलली नाहीं. रात्रीं निजतांना मुलानें आपण होऊन आईला सांगितलें, "पोलीस आला होता मला न्यायला. मी सकाळीं दूध टाकलें होतें ना."

बंधुभगिनींनो, तो धाक आम्हींच त्याला घातला होता. दूध पीत नाहीं, पोलीस नेईल; झोपत नाहीं, पोलीस नेईल. असें म्हणतांना आम्ही हंसत होतों, परंतु मूल हंसत नव्हतें. त्यानें तें खरें मानिलें. आणि ज्या घटकेस तोच शिपाई त्याला आईबापांकडे पोंचविणार होता, त्या घटकेस मूल त्याच्यापासून लपलें.

यावर मीं पुष्कळ दिवस विचार केला. आपण मुलांस केवळ पोलिसाचाच धाक घालतों काय? "फादर रागावतील," "देव शिक्षा करील," हीं वाक्यें आपल्या घरांतून रोज ऐकूं येतात. मुलाला क्षणभर गप्प करण्यासाठीं आपण देवाला दारामागें उभा करितों! हेंच मूल उद्यां सोळा वर्षांचें होईल, वीस वर्षांचें होईल. जगाच्या जत्रेंत तें कोठें तरी चुकेल. आपण सर्वच चुकलों आहोंत. त्या वेळीं तें कोणाकडे धांवेल? ज्याची भीति आपण त्याच्या मनांत भरली, त्याच्यापासून तें लपेल. आणि त्याला शोधणारा तर तोच आहे. आदाम बागेंत लपला तेव्हां परमेश्वर त्याला हांक मारीत होता. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत मुलगा दूर असतांनाच बाप त्याच्याकडे धांवत गेला. आपल्या मुलांस हा धांवत येणारा बाप ओळखीचा असला पाहिजे.

म्हणून माझ्या अनुभवानें चार गोष्टी आपणांस विनंतिपूर्वक सांगतों. पहिली: गर्दींत एका हातांत मूल असेल तर दुसऱ्या हातांत भ्रमणध्वनी नसावा. छायाचित्र काढावयाचेंच असेल, तर मूल दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातीं द्यावें. दुसरी: मुलास स्वतःचें, आईचें व बापाचें पूर्ण नांव, आणि गांव सांगतां आलें पाहिजे, जत्रेस जातांना दूरध्वनीच्या क्रमांकाची चिठ्ठी त्याच्या खिशांत घालावी. चुकलास तर जेथें आहेस तेथेंच उभा राहा, आणि पोलिसाला, दुकानदाराला किंवा मुलें बरोबर असलेल्या एखाद्या बाईला सांग, हें त्याला आधींच शिकवावें. तिसरी: मिस्साबलिदानाच्या वेळीं मुलाला घेऊन शेवटच्या बांकावर बसूं नये. तेथून त्याला लोकांच्या पाठी दिसतात. वेदी दिसेल असें पुढें बसावें. मूल थोडें कुरकुरलें तर शेजाऱ्यांनीं मागें वळून पाहूं नये, एवढी माझी शेजाऱ्यांसहि विनंति आहे. चौथी: कोणाचाहि खोटा धाक घालूं नये.

यांत फार वेळ जातो, असें कोणी म्हणेल. जातो खराच. २०२५ सालीं प्रभुवासी झालेले पोप फ्रान्सिस आईबापांस वारंवार विचारीत, कीं तुम्ही आपल्या मुलांशीं खेळतां काय? मुलांबरोबर वेळ खुशाल वायां घालवा, असें ते सांगत. मी तर म्हणतों, कीं हिशेबाच्या वहींत जो वेळ वायां गेलेला दिसतो, तोच पुढें मुलांच्या आठवणींत शिल्लक राहतो. माझ्या वडिलांनीं मला कोणकोणते उपदेश केले तें मी विसरलों. त्यांचा खांदा मात्र मी विसरलों नाहीं.

तें छायाचित्र अजून मजपाशीं आहे. मीं तें मुद्दाम ठेविलें आहे. त्यांत मेणाचीं बाळें ओळीनें मांडलेलीं दिसतात, आणि खालच्या कोपऱ्यांत पिवळ्या सदऱ्याची एक बाही दिसते.

आज हें मंदिर पन्नास वर्षांचें होत आहे. पन्नास वर्षांपूर्वीं जीं बालकें आईबापांचें बोट धरून येथें आलीं, त्यांतील कित्येक आज पांढऱ्या केसांनीं आपल्यांत बसलेलीं आहेत. ज्यांनीं त्यांस आणिलें त्यांतील पुष्कळ जण स्मशानभूमींत विसांवा घेत आहेत. प्रभु त्यांस चिरशांति देवो. माझ्या आईचे गुडघे आतां दुखतात, ती हळूहळू चालते. रविवारीं तिला मंदिरांत आणण्याचें काम आमच्या धाकट्यानें आपण होऊन पत्करिलें आहे. आजीबरोबर निघतांना तोहि अर्धा तास आधीं निघतो. घाई करावयास त्याला कोणी शिकविलें नाहीं. ही प्रभूची कृपा.

पवित्र माता मरिया व संत योसेफ आपल्या सर्व घरांचें, व घराबाहेर पडलेल्या प्रत्येक लेंकराचें रक्षण करोत, अशी मी प्रार्थना करितों.