गल्ली मुलांच्या हवाली

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा कार्यवाहांनी नुकताच आपल्यासमोर ठेवला आहे. त्याची पुनरुक्ती मी करत नाही. माझ्या वाट्याला आलेली दहा मिनिटे मला शाळेच्या मैदानाविषयी आणि फाटकासमोरच्या गल्लीविषयी बोलायचे आहे.

महोत्सवी निधीतून मैदानाच्या पूर्वेकडील पट्ट्यावर फरशी बसवून तेथे वाहनतळ करावा, अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांकडून आली आहे. सूचना सद्भावनेने केलेली आहे, यात शंका नाही. शाळा सुटताना गल्लीत जी कोंडी होते, ती आपण सर्वजण रोज अनुभवतो. वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांना कार्यक्रमाला येताना मोटार कोठे उभी करावी हा प्रश्न पडतो, हेही खरे आहे. तरीही या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो मी येथे उघडपणे नोंदवते.

दिल्लीच्या बृहत् आराखड्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या एका मोटारीसाठी, तिच्या वळण्यानिघण्याच्या जागेसह, २३ चौरस मीटर धरलेले आहेत. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटरांचे. भागाकार आमच्या सातवीच्या मुलींनी केला. एकोणीस मोटारीदेखील त्यात धड मावत नाहीत. कबड्डीच्या मैदानात पाच मावतात आणि सहावीचे नाक बाहेर राहते. पूर्वेच्या त्या पट्ट्यावर दिवसभरात पाच वर्ग पाळीपाळीने खेळतात. मोटारींना तो हवा आहे सकाळची वीस मिनिटे आणि दुपारची वीस मिनिटे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे, हे मी केवळ स्मरणासाठी सांगते. कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते.

मैदानाचा एवढा आग्रह धरण्याचे कारण असे, की आमच्या बहुसंख्य मुलांना खेळायला आता दुसरी जागा उरलेली नाही. आपल्यापैकी जे सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत वाढले, त्यांना घरांच्या चौकोनामधली हिरवळ आठवत असेल. चार बाजूंच्या खिडक्यांतून चार आयांची नजर असे, आणि काळोख पडला की हाक येई. करोल बाग आणि पहाडगंजमध्ये सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी विटा, आटपाडी, खानापूर भागातून आलेल्या कुटुंबांची मुले तर गल्लीतच खेळत. आज त्याच गल्ल्यांच्या दोन्ही कडांना मोटारी आणि दुचाक्या उभ्या असतात. मधून एक रिक्षा कशीबशी जाते. कॉलनीतल्या उद्यानात जावे, तर फाटकावरच खेळण्यास मनाई असल्याची पाटी! ज्या उद्यानात मनाई नाही, तेथे मोठ्या मुलांचे क्रिकेट. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने जावे कोठे? मुलगे दोन गल्ल्या ओलांडून कोठेतरी जागा शोधतात. मुलीला मात्र घराच्या हाकेच्या अंतरावर जागा मिळाली तरच खेळ, नाहीतर नाही. दाराशी खेळण्याची जागा गेली, तेव्हा सर्वांत आधी मुलींचा खेळ गेला.

आणखी एक हानी आपल्या शाळेपुरती आहे. दिल्लीत ज्याला पिट्ठू म्हणतात ती आपली लगोरी. येथले स्टापू ती आपली ठिकरीची लंगडी. येथे ज्याच्यावर ‘डेन’ येते, त्याच्यावर आपल्याकडे ‘राज्य’ येते. वर्गात आम्ही मुलांना निबंधाची मराठी शिकवू शकतो. भांडणाची, लाडीगोडीची, ‘हा डाव धरायचा नाही’ म्हणून हटून बसण्याची मराठी शिकवायला कोणत्याही शिक्षिकेजवळ तास नसतो. ती भाषा मुले एकमेकांकडून, खेळता खेळता घेतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट किरकोळ वाटू नये.

रस्ते मुलांना परत मिळू शकतात का? मिळाले आहेत. नेदरलँड्स म्हटले की आपल्याला सायकलींचा देश आठवतो. पण १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत चारशेहून अधिक बालके होती. पालक रस्त्यावर उतरले. बालहत्या थांबवा, अशा अर्थाचे नाव घेऊन चळवळ उभी राहिली. अ‍ॅमस्टरडॅमच्या दाट वस्तीच्या डी पाइप भागात तर मुलांनीच आपली गल्ली अडवून ती खेळासाठी मागितली. १९७६मध्ये त्या देशाने अशा निवासी रस्त्यांना कायद्याचे रूप दिले, जेथे मोटारीने पायी चालणाऱ्याच्या गतीने जायचे आणि मुलांनी खेळायचे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४पासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद होऊ लागले. आज ते जाळे शंभर किलोमीटरांच्या पुढे गेले आहे.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. बोगोटाचाच धडा घेऊन नोव्हेंबर २०१३मध्ये गुरुग्रामला ‘राहगिरी’ सुरू झाली आणि जुलै २०१४मध्ये ती कनॉट प्लेसला आली. आपल्यातील अनेकजण त्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन तेथे गेले असतील. अजमल खान रोड २०१९मध्ये आणि चांदणी चौक २०२१मध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला. या उपक्रमांचे मी स्वागतच करते, पण दोन गोष्टी खटकतात. बाजारपेठ मोकळी झाली ती खरेदी करणाऱ्यांसाठी. मुलाला तेथे आईचा हात धरूनच चालावे लागते. आणि रविवारच्या सोहळ्याला मुलाला मोटारीत बसवून न्यावे लागते! खेळायला जाण्यासाठी मोटार लागणे, यापरते विपरीत काय असेल?

म्हणून मला ब्रिटनमधील ब्रिस्टल शहराची पद्धत अधिक जवळची वाटते. ब्रिटनमध्ये १९३८च्या कायद्याने खेळाच्या गल्ल्या निर्माण झाल्या होत्या; मोटारी वाढल्या तशा त्या मावळल्या. २००९मध्ये ब्रिस्टलमधल्या काही पालकांनी ती प्रथा पुन्हा जागी केली. पद्धत अगदी साधी आहे. रहिवासी स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करतात, ठरलेल्या दिवशी दोन-तीन तास गल्ली वाहतुकीला बंद होते, आणि दोन्ही टोकांना स्वयंसेवक उभे राहतात. गल्लीत राहणाऱ्याला मोटार आणायची असेल तर स्वयंसेवक पुढे चालतो आणि मोटार त्याच्या मागून पावलाच्या गतीने येते. कोणाचीही अडवणूक होत नाही.

आपल्या गल्लीसाठी मी हेच सुचवते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी ४ ते ६ या वेळेत, शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंतची गल्ली मुलांसाठी बंद ठेवावी. नोव्हेंबर ते जानेवारी दिल्लीच्या हवेत मुलांना धावायला लावणे योग्य नाही, आणि मे-जूनचे ऊन तर आपण जाणताच. म्हणून फेब्रुवारी, मार्च, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे पाचच शनिवार मी धरले आहेत. टोकाला दोर राहील, भिंत नव्हे. रुग्णवाहिकेला तो क्षणात खाली घेता येईल. खिडक्यांच्या काचांची काळजी करणाऱ्या शेजाऱ्यांना मी शब्द दिला आहे की क्रिकेट होणार नाही. लगोरीलाही कापडी चेंडूच राहील. गल्लीतल्या चहावाल्या काकांनी या बेताला सर्वांत आधी होकार दिला, तो का, हे आपण समजू शकता.

शाळा सुटतानाच्या कोंडीचा उपाय मात्र पालकांच्या हाती आहे. ती कोंडी करणारी वाहने आपलीच आहेत. मोटार आणि दुचाकी मुख्य रस्त्यावर थांबवून मूल तेथून फाटकापर्यंत चालत आले, तर अंतर मोठ्यांच्या पावलांनी तीन मिनिटांचे आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना न्यायला-आणायला वरच्या वर्गांतले ताई-दादा येतील. त्यांची यादी वर्गशिक्षिकांकडे तयार आहे. ज्यांना चालणे कठीण आहे, अशा आजी-आजोबांसाठी आणि दिव्यांग मुलांसाठी फाटकाशी दोन वाहनांची जागा राखलेली राहील.

महोत्सवी निधीविषयी अंतिम निर्णय कार्यकारिणीचा आहे. पूर्वेच्या पट्ट्यावर फरशीऐवजी माती टाकून, चुन्याच्या रेघा आखून खो-खोचे खांब रोवावेत, असा लेखी प्रस्ताव मी आज अध्यक्षांकडे दिला आहे. वाहतूक पोलिसांकडे करायच्या अर्जावर गल्लीतल्या २३ घरांपैकी १७ घरांच्या सह्या झाल्या आहेत. उरलेल्या सहा घरी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जायचे आहे. माझ्याबरोबर येण्यास तयार असलेल्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी जाण्यापूर्वी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत.