गुप्तरोग आणि आपले वधूवर
(ज्ञातिसंस्थेच्या घाटकोपर येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वधूवर-सूचक समितीने आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही कुंडली आणि मानपान यांविषयी बोलू अशी तिची अपेक्षा असावी. आम्ही गुप्तरोगांविषयी बोलणार आहोत. मुलाबाळांसमक्ष हा विषय ज्यांस अप्रशस्त वाटेल, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, मुलांनी तो लोकलच्या डब्यांत आणि रुळांकडेच्या भिंतींवर केव्हाच वाचलेला असतो. अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा बासनात राहिला आणि भोंदू मात्र भिंतीवर!

या विषयावर मराठीत निर्भीडपणे लिहिणारा पुरुष मुंबईतच होऊन गेला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. या मतांपायी त्यांस विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. रघुनाथराव लिहू लागले तेव्हा पेनिसिलीन नव्हते. उपदंशावर त्याचा प्रथम उपयोग १९४३ मध्ये झाला. आज उपदंश, म्हणजे लोक ज्यास गरमी म्हणतात तो, आरंभीच ओळखला तर बहुधा एका इंजेक्शनाने बरा होतो. औषध आले, लाज मात्र होती तेथेच आहे.

या लाजेची किंमत बहुतेक वेळा सून भरते. परमा आणि तत्सम रोग स्त्रियांत पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाहीत. आतल्या आत गर्भनलिका खराब होतात, मूल राहत नाही. मग उपासतापास, नवस, आणि सासरघरचे टोमणे. नवऱ्याची तपासणी करावी हे कोणास सुचत नाही. उपदंश गर्भिणीकडून अर्भकास होतो. म्हणून पहिल्याच तपासणीत तिच्या रक्ताची परीक्षा करून घ्यावी, आणि पतीचीही. एकट्या पत्नीने औषध घेतले तर रोग पुन्हा घरी येतोच.

वधूवर-पत्रकासोबत एच.आय.व्ही.चा दाखला सक्तीचा करावा, अशी सूचना काही बंधूंनी केली आहे. हेतू चांगला असला तरी आमचा तीस विरोध आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे ही तपासणी संमतीवाचून करता येत नाही, आणि निकाल गुप्त राखावा लागतो. शिवाय संसर्ग नुकताच झाला असेल तर काही आठवडे रक्तात तो दिसत नाही. असा दाखला खोटा धीर देतो. दाखल्याची चर्चा ओटीवर होऊ लागली की तरुण तपासणीसच जाणार नाहीत. उभयतांनी आपण होऊन, विवाहापूर्वी, एकत्र जावे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.

उपाय थोडके आहेत. निरोध प्रत्येक वेळी आणि नीट वापरला तर बहुतेक रोगांपासून पुष्कळ रक्षण होते. एच.आय.व्ही.चा धोका घडला असे वाटल्यास ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक गोळ्या मिळतात. यकृतास ग्रासणाऱ्या हेपॅटायटिस बी रोगावर लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरही लस असून, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती २०२३ मध्ये उपलब्ध केली. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी. 'आमची मुलगी तशी नाही' असे म्हणणाऱ्या मातांनी तिचा भावी पती कसा असेल, याची हमी कोण देणार ते सांगावे.

समितीस एकच विनंती. पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी रास-नक्षत्राच्या रकान्याखाली १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक छापावा. तेथे नाव न सांगता सल्ला विचारता येतो, आणि छपाईचा खर्चही वाढत नाही.