एका औषधकुळाच्या चालीरीती

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार-दोन उरलेल्या गोळ्या ज्या घरीं सांपडणार नाहींत, असें घर नागपुरांत विरळाच. मी वैद्य नव्हे. मुलांना शास्त्र शिकविण्यांत आयुष्य गेलें, तेवढ्याच अधिकारानें बोलतों.

या कुळाचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक ॲसिड. हिंवतापावरील क्लोरोक्विन तयार करतांना निघालेल्या एका उपपदार्थावरून 1962 सालीं तें हातीं आलें. पण मूत्रमार्गापलीकडे फारसें उपयोगी पडेना. पुढें त्याच्या रेणूंत फ्लोरिनचा एक अणु बसविला आणि वंशाचें दैव पालटलें.

जंतूचें डीएनए पिळदार दोऱ्यासारखें असतें. नक्कल होतांना दोरा उलगडूं लागला कीं पुढें पीळ चढतो. तो उतरविण्यासाठीं गायरेज नांवाचें विकर दोरा क्षणभर कापतें, दुसरा भाग त्यांतून पार करतें व टोकें पुन्हा जोडतें. औषध नेमकें मधल्या क्षणीं तेथें अडकून बसतें. कापणें होतें, जोडणें राहतें, आणि जंतु मरतो.

मारण्याची रीत एकच, देहांत वागण्याची मात्र निरनिराळी. सिप्रोफ्लॉक्सासिन पोटांतून शेंकडा सत्तरच्या आसपास शोषलें जातें, लेव्होफ्लॉक्सासिन जवळजवळ सगळें. पहिलें सुमारें चार तासांत निम्में होतें, म्हणून दिवसांतून दोनदां. मॉक्सिफ्लॉक्सासिन निम्में व्हावयास सुमारें बारा तास घेतें, म्हणून एकदांच. हें मॉक्सिफ्लॉक्सासिन बरेंचसें यकृतांत रूपांतर पावतें, मूत्रांत कमी उतरतें. म्हणून मूत्रविकारांत तें देत नाहींत.

गोळीबरोबर पेलाभर दूध देणें ही आपल्याकडची माया. येथें ती नडते. दुधांतील कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटांतच धरून ठेवतें. रक्तवाढीच्या गोळींतलें लोह तर याहून खट्याळ! पाणी भरपूर द्यावें. आणि वैशाखांतलें नागपूरचें ऊन टाळावें, कारण या औषधांनीं कित्येकांची त्वचा उन्हाला हळवी होते. टांचेमागची जाड शीर दुखूं लागली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांस विचारावें. साठी उलटलेल्यांनीं, म्हणजे माझ्यासारख्यांनीं, विशेषच.

गायरेजच्या घडणींत एका ॲमिनो आम्लाचा फरक पडला तरी औषधाची पकड सैल होते. विषमज्वराच्या जंतूंनीं भारतांत हें करून दाखविलें. सिप्रोफ्लॉक्सासिनवर तेथें आतां भिस्त ठेवतां येत नाहीं. क्षयांत गोष्ट अधिक गंभीर. नेहमींचीं औषधें हरलीं म्हणजे लेव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन हा एक मोठा आधार. घरांतल्या जुन्या खोकल्याला पेटींतली गोळी दिली आणि तो क्षयाचाच असला, तर चार दिवस उतार पडतो, निदान लांबतें, आणि उरतात ते नेमके गोळीला न जुमानणारे जंतु. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनीं 2012 सालीं ज्या क्षयरोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, त्यांच्या जंतूंवर हीं औषधेंहि चालत नव्हतीं.